एका न्यायाधीशाचा कबुलीजबाब

व्यापाऱ्याची वही वर्षाच्या अखेरीस मिटते. पण मनुष्याच्या आचरणाची वही केव्हां मिटते आणि ती तपासतो कोण, हा प्रश्न सर्व धर्मांनीं विचारलेला आहे. ईश्वरापुढें एक दिवस हिशेब द्यावा लागेल, ही गोष्ट तोंडानें बहुतेक लोक कबूल करितात. परंतु मनांतून प्रत्येकाची समजूत अशी असते कीं, बाकी निघेल ती शेजाऱ्याकडे, आपलें खातें केव्हांच चुकतें झालेलें आहे. ही समजूत किती घातक आहे, आणि ती टाकून देऊन स्वतःच्या हातानें स्वतःचें खातें उघडणें किती कठीण आहे, हें ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें अशा एका ख्रिस्ती न्यायाधीशाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव सॅम्युएल स्यूअल. अमेरिकेंतील सेलम येथें १६९२ सालीं चेटकाच्या आरोपावरून ज्या निरपराध माणसांस फांशीं देण्यांत आलें, त्यांचा न्याय करावयास बसलेल्या मंडळांत हा एक होता; आणि त्या मंडळांतील न्यायाधीशांपैकीं आपला अपराध भर सभेंत पदरीं घेणारा तेवढा हाच एक निघाला.

प्रथम ख्रिस्ती लोकांचा या बाबतींतील सिद्धांत काय आहे तो थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मनुष्य स्वतःच्या पुण्याईच्या बळावर तरत नाहीं, तो ख्रिस्तावरील विश्वासानें व ईश्वराच्या कृपेनें तरतो, असें त्या धर्मांतील, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथांतील, मुख्य मत आहे. यावरून पुष्कळांस, खुद्द कित्येक ख्रिस्ती लोकांसही, असें वाटतें कीं, विश्वास धरिला म्हणजे जबाबदारी संपली. पण त्यांच्या शास्त्राचें म्हणणें तसें नाहीं. करिंथ येथील मंडळीस लिहितांना प्रेषित पौलानें स्वतःस वगळलेलें नाहीं. ख्रिस्ताच्या न्यायासनापुढें सर्वांसच उभें राहावें लागणार आणि देहांत असतां केलेल्या बऱ्यावाईटाचें फळ ज्याचें त्यास मिळणार, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. त्याच मंडळीस त्यानें घर बांधणाऱ्यांचा दृष्टांत दिला आहे. पाया एकच, पण कोणी त्यावर सोन्यारुप्याचें काम करितो, कोणी लांकूड व गवत रचतो. अग्नीनें परीक्षा होईल तेव्हां गवताचें काम जळून जाईल, आणि तें करणारा वांचला तरी आगींतून ओढून काढलेल्या मनुष्यासारखा वांचेल. पेत्राच्या पत्रांत तर न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासूनच व्हावयाचा आहे असें सांगितलें आहे. आणि धन्याची इच्छा ठाऊक असून जो चाकर चुकला त्यास अजाण चाकरापेक्षां अधिक मार, असा खुद्द ख्रिस्ताचा दृष्टांत आहे. तात्पर्य, विश्वास ही माफीची सनद नव्हे; ज्याच्या हातीं अधिक सोंपविलें त्याच्याकडून हिशेबही अधिक घेतला जाणार, असा हा कायदा आहे. स्यूअल हा कायदा लहानपणापासून पाठ म्हणत आला होता. तो आपणासही लागू आहे, हें समजावयास त्यास पंचेचाळिसावें वर्ष उजाडावें लागलें.

स्यूअलचा जन्म इंग्लंडांत हॅम्पशर परगण्यांतील बिशपस्टोक येथें २८ मार्च १६५२ रोजीं झाला. नऊ वर्षांचा असतां, म्हणजे १६६१ सालीं, तो घरच्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून मॅसॅच्यूसेट्स वसाहतींतील न्यूबरी येथें आला. ही वसाहत प्यूरिटन पंथाच्या लोकांनीं वसविलेली होती. आपला समाज देवाशीं करार करून बांधलेला आहे, त्या करारास धरून चाललों तर भरभराट आणि मोडला तर शासन, अशी त्यांची निष्ठा असे. स्यूअलनें हार्वर्ड कॉलेजची पदवी १६७१ सालीं घेतली. धर्मोपदेशक व्हावें असा त्याचा प्रथम विचार होता. परंतु १६७६ सालीं बॉस्टनमधील धनाढ्य व्यापारी व टांकसाळीचा अधिकारी जॉन हल याच्या हॅना नांवाच्या मुलीशीं त्याचा विवाह झाला, आणि उपदेशकाची वाट सोडून तो व्यापारांत शिरला. जहाजांतून जाणारायेणारा माल, जमीनजुमला, देणींघेणीं यांत त्यानें चांगला जम बसविला. कांहीं वर्षें बॉस्टनचा छापखानाही त्याच्या देखरेखीखालीं होता. पुढें राज्यकारभारांतही त्याचा प्रवेश झाला. पन्नासांहून अधिक वर्षें त्यानें रोजनिशी लिहिली. जहाजें आलीं गेलीं, कोणाचा अंत्यविधि झाला, उपाध्यायानें कशावर प्रवचन केलें, कोणतें मूल आजारी पडलें, अशा बारीकसारीक नोंदींनीं ती भरलेली आहे. आणि प्रत्येक नोंदीमागें देव आपल्याकडे पाहत आहे ही जाणीव आहे. असा हा सुखवस्तु, विद्वान्, सज्जन व भाविक गृहस्थ होता. त्याच्या हातून जें घडलें तें दुष्टपणानें घडलें असतें, तर त्यापासून घेण्यासारखा धडा फारसा उरला नसता.

१६९२ च्या हिवाळ्यांत सेलम खेड्याचा पाळक सॅम्युएल पॅरिस याची मुलगी व घरांतील नात्याची दुसरी एक मुलगी यांस विलक्षण झटके येऊं लागले. वैद्याचा उपाय चालेना, तेव्हां हें चेटूक आहे असें ठरलें, आणि चेटूक करणारीं माणसें कोण याचा शोध सुरू झाला. काळही वाईट होता. वसाहतीची जुनी सनद १६८४ सालीं रद्द झाली होती. सरहद्दीवर फ्रेंचांशीं व मूळच्या रहिवाशांशीं लढाई चालली होती. शेजाऱ्याशेजाऱ्यांत जमिनीचे तंटे होते. भीति एकदां पसरली म्हणजे तिला नांव आणि चेहरा लागतो. कांहीं महिन्यांतच दीडशेंहून अधिक माणसें तुरुंगांत पडलीं. त्यांत चारपांच वर्षांची एक मुलगीही होती. चेटकीण ठरविलेल्या बाईचे हाल काय होतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. महाराष्ट्रांतही जादूटोण्याच्या नांवाखालीं होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

मे महिन्याच्या अखेरीस नवा गव्हर्नर सर विल्यम फिप्स यानें या खटल्यांकरितां नऊ जणांचें खास न्यायमंडळ नेमिलें. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन. स्यूअल त्यांतील एक सभासद. कायद्याचें रीतसर शिक्षण घेतलेला त्यांत कोणी नव्हता. या मंडळानें जो पुरावा ग्राह्य धरिला तो ऐकून आज कोणासही आश्चर्य वाटेल. अमक्या बाईचें छायारूप येऊन मला चिमटे काढतें, गळा दाबतें, असें पीडित मुलीनें सांगितलें कीं तो पुरावा झाला. त्या वेळीं ती बाई आपल्या घरीं निजलेली होती हें सिद्ध करूनही उपयोग नसे, कारण आरोप देहावर नसून छायेवर होता. ज्या आरोपास उत्तरच देतां येत नाहीं, त्याचा न्याय कसला? पहिली फांशी ब्रिजेट बिशप या बाईस १० जून रोजीं झाली. तेवढें पाहूनच नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशानें मंडळ सोडलें. म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा उघडा होता. स्यूअल आंत बसून राहिला.

रिबेका नर्स ही सत्तरीच्या आसपासची, मंडळींत मान असलेली वृद्धा. पंचांनीं तिला प्रथम निर्दोषी ठरविलें. पण फिर्यादी मुलींनीं आकांत मांडला, मुख्य न्यायाधीशानें पंचांस फेरविचार करावयास सांगितलें, आणि निर्णय फिरला. १९ जुलै रोजीं तिला फांशीं दिलें. १९ ऑगस्ट रोजीं जॉर्ज बरोज हा धर्मोपदेशक फांसावर चढला. तोही हार्वर्डचाच पदवीधर, स्यूअलच्या ओळखीचा. ख्रिस्तानें शिकविलेली प्रार्थना त्यानें दोराखालीं उभें राहून न अडखळतां म्हटली, तेव्हां जमलेले लोकही चलबिचल झाले. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरांतील शेतकरी; त्यानें या न्यायालयापुढें आपला खटला चालविण्यास संमतीच दिली नाहीं, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून १९ सप्टेंबर रोजीं त्यास चेंगरून मारिलें. २२ सप्टेंबरास आठ जणांस एकदम फांशीं दिलें; त्यांत रिबेकाची बहीण मेरी ईस्टी होती. तिनें मरणापूर्वीं न्यायाधीशांस अर्ज लिहिला. त्यांत आपल्या जिवाची याचना नव्हती, आणखी निरपराध रक्त सांडूं नये एवढीच विनंति होती. एकूण चौदा स्त्रिया व पांच पुरुष फांशीं गेले. तुरुंगांत निदान पांच जण मेले.

यांतील एक गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. आपण चेटूक केलें असें जो कबूल करी, त्याचा जीव वांचे. सुमारें पन्नास जणांनीं अशी कबुली दिली, आणि कबुलीवर कायम राहिलेल्या कोणासही फांशीं दिलें गेलें नाहीं. मेले ते कबुली न देणारे. खोटें बोलून देह वांचविला तर ईश्वरापुढें कोणत्या तोंडानें उभें राहावें, ही त्यांची अडचण होती. परमेश्वर न्याय करणार आहे हें न्यायाधीशही मानीत होते आणि आरोपीही मानीत होते. फरक इतकाच कीं, आरोपींनीं तें मानून प्राण दिले, आणि न्यायाधीशांनीं तेंच मानून ते घेतले. धर्मश्रद्धा दोन्ही पक्षीं सारखीच जळजळीत होती. एका पक्षानें तिचा प्रकाश स्वतःवर पाडला, दुसऱ्यानें दुसऱ्यांवर.

ऑक्टोबर महिन्यांत हार्वर्ड कॉलेजचा अध्यक्ष इन्क्रीज मॅदर यानें छायारूपाच्या पुराव्याविरुद्ध लिहिलें. एका निरपराध्यास शिक्षा होण्यापेक्षां दहा संशयित सुटलेले बरे, असें त्याचें म्हणणें होतें. गव्हर्नरच्या स्वतःच्या पत्नीचेंही नांव लोक घेऊं लागले होते. महिनाअखेर फिप्सनें तें न्यायमंडळ मोडलें. पुढें नव्या न्यायालयानें छायेचा पुरावा टाकून दिला, आणि राहिलेले बहुतेक आरोपी सुटले. पण ज्यांनीं फांशीचे हुकूम केले त्यांचें काय झालें? कांहीं नाहीं. स्टाउटन १६९४ पासून हंगामी गव्हर्नर म्हणून कारभार पाहूं लागला, आणि मरेपर्यंत त्यानें चुकीचा एक शब्द उच्चारिला नाहीं. स्यूअल वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला. व्यापार चालला, प्रवचनें झालीं, प्रभुभोजनाच्या मेजावर तो नियमानें बसत राहिला. त्याच्या रोजनिशींत मात्र सेलमच्या पहिल्या चौकशीच्या नोंदीजवळ समासांत हळहळीचा एक लॅटिन शब्द तीनदां लिहिलेला सांपडतो. अंतःकरण समासांत बोलूं लागलें होतें. मुख्य पानावर यावयास चार वर्षें लागलीं.

१६९६ सालीं मे महिन्यांत हॅनास मृत मूल झालें. डिसेंबरच्या २३ तारखेस दोन वर्षांची सारा दगावली. तिची माती व्हावयाची होती अशा वेळीं स्यूअलचा वडील मुलगा सॅम बापापुढें मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय लॅटिनमध्यें वाचीत होता. त्यांत एक वचन असें आहे कीं, ज्यांत यज्ञबलीपेक्षां दया थोर मानिली असून, ती न ओळखल्यामुळें निर्दोष्यांस दोष लावणाऱ्यांची कानउघाडणी केलेली आहे. मुलगा पाठ म्हणत होता; बापास सेलम आठवलें. दुसऱ्या दिवशीं तो कुटुंबाच्या भुयारी कबरींत उतरला, आणि तेथें रचून ठेवलेल्या आपल्या सहा मुलांच्या शवपेट्या पाहत बराच वेळ राहिला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनीं, १४ जानेवारी १६९७ रोजीं, सेलमच्या प्रकरणांत झालेल्या पापाबद्दल सबंध प्रांतानें उपोषण व प्रार्थना करावी असा सरकारी ठराव होता. त्या दिवशीं बॉस्टनच्या तिसऱ्या मंडळीच्या देवळांत स्यूअलनें पाळक सॅम्युएल विलर्ड याच्या हातीं एक कागद दिला, आणि तो मोठ्यानें वाचला जात असतां आपल्या जागीं उभा राहिला. त्या मंडळींत त्याचीं गिऱ्हाइकें होतीं, देणेकरी होते, त्याच्या न्यायालयापुढें उद्यां येणारे पक्षकार होते. कागदांतील मजकूर असा होता कीं, देवानें आपणावर व आपल्या घरावर वारंवार प्रहार केले आहेत. सेलमच्या न्यायमंडळामुळें जो दोष घडला त्यांत आपल्या माहितींतील इतर कोणाहीपेक्षां आपला वांटा अधिक आहे. त्याचा दोष व त्याची लाज आपण पदरीं घेतों. मनुष्यांची क्षमा मागतों. आणि देवानें हें पाप माफ करावें, तें आपल्या कुटुंबावर किंवा देशावर उगवूं नये, याकरितां सर्वांनीं प्रार्थना करावी. वाचन संपल्यावर त्यानें मान लवविली व तो खालीं बसला.

या कबुलीजबाबाची प्रशंसा करितांना त्याचीं उणीं झांकण्याचें कारण नाहीं. ती साडेचार वर्षें उशीरां आली. मेलेल्या माणसांपैकीं एकाचेंही नांव तींत नाहीं. आपलीं बालकें आपल्या पापामुळें मेलीं ही त्याची कल्पनाही आम्हांस मान्य नाहीं. त्या काळीं बालमृत्यु घरोघर होते, आणि बापाच्या अपराधाची वसुली तान्ह्या मुलाकडून करणें यास न्याय म्हणतां येत नाहीं. परंतु त्यानें जें केलें नाहीं तेंही पाहिलें पाहिजे. पुरावाच तसा होता, कायदाच तसा होता, वरिष्ठानें तसें सांगितलें, सर्वांनीं मिळून ठरविलें, सैतानानें फसविलें, यांपैकीं एकही सबब त्यानें पुढें केली नाहीं. नऊ जणांच्या दोषाची नऊ हिश्शांत वांटणी करून आपल्या नांवें नववा भाग मांडणें त्यास सहज शक्य होतें. त्यानें सर्वांत मोठा वांटा स्वतःकडे घेतला. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो या सिद्धांताचा अर्थ त्यानें आपल्या बाकावर उभा राहून करून दाखविला. त्याच सुमारास सेलमच्या पंचांपैकीं बारा जणांनींही क्षमापत्र काढलें, आणि फिर्यादी मुलींपैकीं ॲन पटनम हिनें १७०६ सालीं सेलम खेड्याच्या मंडळीपुढें माफी मागितली.

पश्चात्ताप खरा होता कीं क्षणिक, याची पारख पुढील वर्तनानें होते. १७०० सालीं स्यूअलनें योसेफाची विक्री या अर्थाच्या नांवाचें तीन पानांचें एक चोपडें छापिलें. भावांस योसेफ विकण्याचा अधिकार नव्हता, तसा आफ्रिकेंतून आणिलेलीं माणसें विकण्याचा व्यापाऱ्यांसही नाहीं. आदामाचीं लेकरें या नात्यानें स्वातंत्र्यावर सर्वांचा हक्क सारखा आहे, असें त्यांत प्रतिपादन होतें. जहाजांच्या व्यापारावर जगणाऱ्या शहरांत एका व्यापाऱ्यानें हें लिहिणें ही लहान गोष्ट नव्हती. न्यू इंग्लंडांत गुलामगिरीविरुद्ध छापून निघालेल्या लिखाणांत तें अगदीं आरंभींचें होय. जॉन सॅफिन नांवाच्या दुसऱ्या एका न्यायाधीशानें १७०१ सालीं त्यास उत्तर छापिलें. त्याचा ॲडम नांवाचा गुलाम ठरलेल्या मुदतीनंतर मुक्ति मागत होता, आणि १७०३ सालीं त्यास ती मिळाली. गोऱ्या व काळ्या लोकांनीं एकत्र नांदावें इतकी उदारता मात्र स्यूअलपाशीं नव्हती. त्या चोपड्यांतच त्याचा पूर्वग्रह दिसतो. तरी १७१६ सालीं, करआकारणींत मूळचे रहिवासी व काळे गुलाम यांची गणना घोडे व डुकरें यांच्या रांगेंत होऊं नये म्हणून त्यानें खटपट केली. ती फसली, आणि फसली असें त्यानें रोजनिशींत लिहून ठेविलें. छायेच्या पुराव्यावर माणसें मारणारा मनुष्य आतां सरकारी यादींतील माणसांकरितां भांडत होता.

कबुलीनें त्याचें नांव बुडालें काय? १७१८ सालीं तो प्रांताचा मुख्य न्यायाधीश झाला, १७२८ पर्यंत त्या जागीं राहिला, आणि १ जानेवारी १७३० रोजीं बॉस्टन येथें सत्त्याहत्तराव्या वर्षीं वारला. आज स्टाउटनचें नांव घेतलें तर लोकांस फांसाचे दोर आठवतात. स्यूअलचें घेतलें तर उभा राहून मान लवविणारा मनुष्य आठवतो. मॅसॅच्यूसेट्सच्या कायदेमंडळाच्या सभागृहांत तोच प्रसंग १९४२ सालच्या एका भित्तिचित्रांत काढलेला आहे. खुद्द राज्याची वही मात्र फार सावकाश मिटली. १७११ सालीं पुष्कळ दोषितांवरील कलंक काढून वारसांस भरपाई दिली. पण कांहीं नांवें राहूनच गेलीं, आणि शेवटच्या एका स्त्रीचें नांव २०२२ सालीं निर्दोष ठरलें. एका माणसास साडेचार वर्षें लागलीं; सरकारास तीनशें तीस.

आमच्या वाचकांत व्यापारी आहेत, पंच आहेत, नगरपालिकेचे सभासद आहेत, संस्थांचे विश्वस्त आहेत. ख्रिस्ती सिद्धांत मानणारे त्यांत थोडे असतील. पण आपल्या निर्णयाखालीं दुसऱ्याचें घर चिरडलें जाऊं शकतें, ही स्थिति सर्वांची आहे. चूक झाली तर ठराव बहुमतानें झाला होता असें म्हणण्याची सोय प्रत्येकास असते, आणि कागदोपत्रीं तें खरेंही असतें. परलोकीं न्यायासन आहे कीं नाहीं, याचा वाद पंडितांनीं करावा. तें आहे असें मानणाऱ्यानें तेथें प्रथम स्वतः उभें राहिलें पाहिजे, एवढी गोष्ट स्यूअलच्या चरित्रानें वादाबाहेर काढली आहे. ज्याचें नुकसान आपल्या सहीनें झालें, त्याचें दार अजून उघडें आहे तोंवर तेथें जाऊन चूक कबूल करावी. सेलमच्या एकोणीस जणांस ही कबुली ऐकावयास मिळाली नाहीं.